देवाच्या ताटामागून समुद्रापर्यंत: जपानच्या इसे-शिमा किनाऱ्यावर कसं फिरावं, काय खावं

इसेच्या बाह्य मंदिरात, म्हणजे गेकूमध्ये, रोज सकाळी आणि संध्याकाळी देवांना नैवेद्य वाढला जातो. भात, मासा, कात्सुओबुशी (धुरावर वाळवून लाकडासारखा टणक केलेला कात्सुओ मासा), समुद्री शेवाळ, भाज्या, फळं, मीठ, पाणी आणि साके. परंपरा सांगते की हा नेम सुमारे १५०० वर्षं चालू आहे. स्वयंपाकाचा अग्नी आजही लाकडावर लाकूड घासून पेटवतात, पाणी देवळाच्या आवारातल्या विहिरीतून आणतात आणि मातीची भांडी एकदाच वापरतात.

या ताटातले मीठ, मासे आणि शेवाळ आसपासच्याच किनाऱ्यावरून येत आले आहेत. म्हणून मिए प्रांतातलं इसे-शिमा बघायची मला पटलेली रीत एकच आहे. देवळातल्या स्वयंपाकघरापासून सुरुवात करायची आणि एकेका पदार्थाचा माग काढत समुद्राकडे जायचं. तसं केलं की देऊळ, कोळीवाडे, पाणबुड्या बायका आणि धुराच्या झोपड्या एका धाग्यात ओवल्या जातात. चार रात्री हातात ठेवा. दोन रात्रींतही उरकता येतं, पण मग समुद्र फक्त गाडीच्या खिडकीतून दिसतो.

आधी ऋतू ठरवा, तिकीट नंतर

काय खायचं आहे, यावर कधी जायचं हे ठरतं. इथल्या मासेमारीला कडक बंदीकाळ आहेत आणि ते पाळले जातात.

इसे-एबी, म्हणजे आपली शेवंड ज्या कुळातली आहे त्याच कुळातला नांग्या नसलेला मोठा काटेरी शेवंड, ऑक्टोबर ते एप्रिल या काळात धरतात. मे ते सप्टेंबर बंदी असते. त्यातही पौर्णिमेच्या आगेमागे बरेच कोळी जाळी टाकत नाहीत, कारण लख्ख चांदण्यात शेवंड कपारीतून बाहेर पडत नाही. तेव्हा कॅलेंडरवर तिथीही बघा. कालवं थंडीतली, साधारण नोव्हेंबर ते मार्च. आनोरी गावचा नैसर्गिक तोराफुगू मासाही थंडीतलाच. आवाबी, म्हणजे कानाच्या आकाराचा एकशिंपी मोठा शिंपला, उन्हाळ्यात उत्तम लागतो आणि १५ सप्टेंबर ते डिसेंबरअखेर त्याला हात लावायला बंदी आहे. कात्सुओची पहिली लाट वसंतात येते.

मला विचाराल तर दोनच काळ सुचवेन. एप्रिलचा पूर्वार्ध धरला तर शेवंडीचा हंगाम संपायचा असतो आणि कात्सुओ सुरू झालेला असतो. नोव्हेंबरअखेर गेलात तर शेवंड आणि कालवं दोन्ही मिळतात. आमांना, म्हणजे इथल्या पाणबुड्या बायकांना, पाण्यात उतरताना बघायचं असेल तर मात्र जून-जुलै. ऑगस्ट-सप्टेंबर वादळांचा काळ आहे. १९५९ च्या सप्टेंबरात इसे उपसागरावर आलेल्या वादळात ५ हजारांहून अधिक माणसं गेली होती. आज सूचना वेळेवर मिळतात, पण फेरीबोटी बंद पडतात आणि सगळा आराखडा कोलमडतो.

पोहोचायचं कसं

टोकियोहून नागोयापर्यंत नोझोमी शिंकानसेनने (बुलेट ट्रेनने) साधारण पावणेदोन तास लागतात. नागोयाहून किन्तेत्सू कंपनीची जलद गाडी घ्या: इसेला सुमारे दीड तासात, तोबाला त्याहून थोडा अधिक वेळात, आणि शेवटच्या काशिकोजिमा स्थानकावर दोन तासांच्या थोडं पुढे. जलद गाडीला मूळ तिकिटाशिवाय वेगळं अधिभार-तिकीट लागतं, हे लक्षात ठेवा. ओसाका आणि क्योतोहूनही किन्तेत्सूच्या थेट गाड्या आहेत. शिमाकाझे ही मोठ्या खिडक्यांची खास गाडी २०१३ पासून धावते आणि तिच्या जागा लवकर भरतात.

जेआर पास (जपान रेल्वेचा प्रवासी पास) असेल तर नागोयाहून मिए नावाची जेआरची गाडी तोबापर्यंत जाते. मधला एक तुकडा इसे रेल्वे या वेगळ्या कंपनीचा आहे आणि त्याचे पैसे पास असूनही वेगळे भरावे लागतात.

इसे आणि तोबा रेल्वे-बसने आरामात होतात. त्यापुढच्या कोळी गावांना बस आहेत, पण मोजक्या. ओसात्सू आणि कुझाकीच्या बाजूला तोबाहून कामोमे बस जाते. नाकिरी आणि आनोरीला उगाता स्थानकाहून मिए कोत्सू कंपनीची बस मिळते. परतीच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या थांब्यावरच्या फलकाचा फोटो काढून ठेवा. गाडी चालवत असाल तर भाड्याची गाडी उत्तम. जपानमध्ये आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात. आंतरराष्ट्रीय परवाना मात्र भारतातून निघण्याआधीच काढायचा.

इसे: स्वयंपाकघर आधी, गाभारा नंतर

रीत अशी आहे की आधी गेकू, मग नाइकू. गेकूमध्ये तोयोउके ही अन्नाची देवता आहे. नाइकूमध्ये अमातेरासू, सूर्यदेवी. गेकू इसे स्थानकापासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. अनेक प्रवासी वेळ वाचवायला गेकू गाळतात. तसं करू नका. आपला सगळा प्रवास जिथून सुरू होतो ते ताट इथेच वाढलं जातं.

प्रवेशाशी दगडी कुंड असतं. उजव्या हाताने पळी धरून डावा हात धुवायचा, मग डाव्याने धरून उजवा. मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरायची. पळीला तोंड लावायचं नाही. देवासमोर दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. फोटो पायऱ्यांच्या खालूनच. मुख्य मंदिर दर २० वर्षांनी शेजारच्या रिकाम्या जागेवर जसंच्या तसं नव्याने बांधतात. शेवटचं स्थलांतर २०१३ मध्ये झालं, पुढचं २०३३ मध्ये आहे.

मग बसने नाइकू. पहाटे ५ ला दार उघडतं आणि त्या वेळी उजी पूल ओलांडण्यासारखं दुसरं काही नाही. नऊनंतर सहलींच्या बसगाड्या यायला लागतात. दर्शन झालं की समोरच्या ओहाराई-माची गल्लीत न्याहारी. आकाफुकूचं मुख्य दुकानही पहाटे ५ लाच उघडतं. १७०७ पासूनचं हे दुकान मऊ तांदळाच्या मोचीवर गोड लाल पावट्याचं पुरण घालून देतं. पुरणावर बोटांनी काढलेल्या रेघा म्हणजे शेजारून वाहणाऱ्या इसुझू नदीच्या लाटा. जानेवारी सोडून दर महिन्याच्या १ तारखेला इथे त्या महिन्याचीच खास मोची मिळते आणि लोक रात्रीपासून रांग लावतात.

दुपारी इसे-उदोन खा. बोटाएवढ्या जाड, अगदी मऊ शिजवलेल्या शेवया आणि तळाशी थोडासाच काळा दाट रस. कागावा प्रांतात लवचीक उदोन खाल्लेल्यांना या शेवया जास्त शिजल्यासारख्या वाटतात. पण हे लांबून चालत आलेल्या यात्रेकरूंचं अन्न आहे: पटकन वाढता यावं, पोटाला जड होऊ नये. १८३० साली काही महिन्यांत ४० लाखांहून अधिक माणसं इसेला आली होती आणि वाटेवरच्या गावांनी त्यांना जेवू घातलं. वारी पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

मीठ: फुतामी

देवाच्या ताटातलं मीठ फुतामीच्या किनाऱ्याचं. उन्हाळ्यात मिठागरात खारं पाणी घट्ट करतात, ते आटवतात आणि पुढे मीठ त्रिकोणी मातीच्या साच्यात भाजून त्याचे कडक खडे करतात. ते जिथे होतं ते मिशिओदेन देवस्थान लहान आणि शांत आहे. फारसं कुणी जात नाही, म्हणूनच जा. जवळच मेओतो-इवा, म्हणजे नवरा-बायको खडक, गवताच्या जाड दोराने बांधलेले आहेत. मे ते जुलैमध्ये सूर्य त्यांच्या मधून उगवतो. अर्धा दिवस पुरे.

तोबा आणि बेटं

तोबा बंदरासमोरच्या लहानशा बेटावर मिकिमोतो कोकिचीने १८९३ मध्ये शिंपल्यात अर्धगोल मोती वाढवून दाखवला. उदोनवाल्याचा मुलगा होता तो. आज बेटावर संग्रहालय आहे आणि पांढऱ्या जुन्या वेशातल्या आमा पाण्यात उतरून दाखवतात. ते प्रात्यक्षिक आहे, हे ध्यानात ठेवून बघा.

त्याहून मोलाचं आहे ते उरामुरा गावातलं उमी नो हाकुबुत्सुकान, समुद्राचं संग्रहालय. वास्तुकार नाइतो हिरोशी यांनी बांधलेल्या, उलट्या घातलेल्या होडीसारख्या लाकडी छपरांखाली होड्या, जाळी, गळ, टोपल्या असा कोळी जीवनाचा हजारो वस्तूंचा साठा आहे. एकच संग्रहालय बघायचं असेल तर हे. उरामुरा कालवांचंही गाव आहे. थंडीत इथल्या शेडमध्ये कोळशावर कालवं भाजून, ठरलेल्या वेळात हवी तितकी खायला देतात. बुकिंग लागतं. हातमोजा आणि सुरी तेच देतात. कपडे मात्र धुराचा वास धरतील असेच घाला.

वेळ असेल तर तोबा बंदरातून नगरपालिकेच्या बोटीने तोशी बेटावर जा. अर्ध्या तासाच्या आत पोहोचता. दारांवर, भिंतींवर काळ्या शाईने वर्तुळात आठचा आकडा काढलेला दिसेल. ती हाचिमान देवाची खूण आहे, दर वर्षीच्या उत्सवात नवी काढतात. या बेटावर एक विलक्षण रीत उरली आहे. वयात आलेले मुलगे गावातल्या एका मानलेल्या आईबापांच्या घरी रात्री एकत्र झोपायला जातात आणि ते नातं जन्मभर निभावतात. त्याला नेयाको म्हणतात. शरद ऋतूच्या शेवटी आणि थंडीत इथला चरबीदार सावारा खा. सावारा आपल्या सुरमईचा सख्खा भाऊबंद, पण थंड पाण्यामुळे इतका लोण्यासारखा की कच्चाच खातात. सुरमई तळूनच खायची सवय असलेल्यांनीही एक फोड चाखून बघावी.

आवाबी: ओसात्सू आणि कुझाकी

इथे घाई करू नका. एक पूर्ण दिवस द्या.

आमा म्हणजे हवेची टाकी न लावता, एका श्वासावर बुडी मारून आवाबी, साझाए (शंखातला मऊ जीव), शेवाळ काढणाऱ्या बायका. एक बुडी साधारण ५० सेकंदांची. वर आल्यावर रोखलेला श्वास शिटीसारख्या लांब आवाजात सुटतो. त्याला इसोबुए, किनाऱ्याची शीळ, म्हणतात. काही जणी किनाऱ्यावरून पोहत जातात, तर काहींना नवरा होडीतून नेतो आणि दोरीने वर ओढतो. १९६० च्या दशकापासून रबरी पोशाख आला, पण टाकी त्यांनी स्वतःहून नाकारली, कारण टाकी घेतली तर समुद्र एका पिढीत रिकामा होईल. १०.६ सेंटीमीटरपेक्षा लहान आवाबी परत सोडायचा हा नियम आहे आणि मोजपट्टी प्रत्येकीजवळ असते.

१९४९ मध्ये तोबा-शिमा भागात ६ हजारांहून अधिक आमा होत्या. २०१७ पर्यंत साधारण ६५० उरल्या, बहुतेक साठी ओलांडलेल्या. त्याच वर्षी त्यांच्या कसबाला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला. मुली शहरात जातात हे एक कारण झालं. समुद्रतळाचं शेवाळ नाहीसं होतंय हे त्याहून गंभीर. २०१७ पासून कुरोशिओ हा उष्ण प्रवाह कित्येक वर्षं वळण घेऊन वाहत राहिला, पाणी तापलं, आणि आवाबी ज्या शेवाळावर जगतो ते विरळ झालं. ताटात आवाबी आला की त्याची किंमत का इतकी, हे आठवा.

ओसात्सूमध्ये आमागोयात जेवायचं. आमागोया म्हणजे पाण्यातून आल्यावर अंग शेकायची झोपडी. पाहुण्यांना जेवण देणाऱ्या झोपड्या आहेत, त्यांतली हाचिमान कामादो सर्वांत परिचित. आगाऊ बुकिंग करा, किती जण आणि काय चालत नाही ते आधीच कळवा. मधोमध निखारा, भोवती तुम्ही, आणि समोर बसून साझाए, शिंपले, सुकवलेला मासा भाजणारी आमा. आवाबी बहुतेकदा जादा पैसे देऊन मागवावा लागतो. भाजताना तो अंग पिळतो. ज्यांना बघवत नाही त्यांनी तोंड फिरवावं, कुणी वाईट मानत नाही. साझाए काडीने फिरवत बाहेर ओढायचा. टोकाचा हिरवट भाग कडू असतो, तो सोडला तरी चालतो. खाऊन झालं की प्रश्न विचारा. इथल्या बायका मोकळेपणी बोलतात, आणि भाषांतराचं अॅप असेल तर बाळंतपणापासून लाटांपर्यंत सगळं निघतं.

त्यांच्या डोक्याच्या पांढऱ्या फडक्यावर जांभळ्या दोऱ्याने एक तारा आणि एक जाळी शिवलेली दिसेल. तारा एका रेषेत सुरू होऊन तिथेच संपतो: गेलेलं माणूस परत यावं. जाळीचे डोळे अनेक: वाईट नजरेला वाट सापडू नये. गावातल्या शिन्मेई देवळातली इशिगामी देवी बायकांची एक इच्छा पुरी करते असं मानतात, म्हणून तिथे गुलाबी कागदावर एकच इच्छा लिहायची असते.

शेजारचं कुझाकी गाव इसेच्या देवळाला आवाबी पुरवतं. कथा अशी की यामातोहिमे ही राजकन्या इथे आली, ओबेन नावाच्या आमाने तिला आवाबी दिला आणि तो तिला इतका आवडला की देवासाठी नेमून दिला. आजही गावातले म्हातारे पुरुष खास सुरीने आवाबी सालीसारखा लांब कापून वाळवतात आणि तो जून, ऑक्टोबर, डिसेंबरच्या मोठ्या पूजांना जातो. जपानी आहेराच्या पाकिटावरचं नोशी हे चिन्ह त्याच वाळलेल्या पट्टीवरून आलं.

एक सक्त सूचना. खडकावर शिंपला दिसला तरी उचलू नका. किनारा मच्छीमार संघटनांच्या हक्काचा आहे, आणि डिसेंबर २०२० पासून आवाबी चोरून काढल्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ कोटी येनपर्यंत दंड आहे.

२४ जूनला इसोबे इथल्या इझावा देवळात भातलावणीचा सोहळा असतो. त्या दिवशी सात शार्क देवदर्शनाला येतात अशी श्रद्धा आहे, म्हणून आमा पाण्यात उतरत नाहीत. तारीख जुळत असेल तर बुडी बघण्याऐवजी हा सोहळा बघा.

कात्सुओबुशी: नाकिरी

दाइओ भूशिरावर पॅसिफिक सरळ येऊन आपटतो. १९२७ चा पांढरा दीपस्तंभ आत चढून बघता येतो. वाऱ्याला अडवणाऱ्या दगडी भिंतींच्या गल्ल्यांतून बंदराकडे उतरा. सप्टेंबरात गावकरी माणसापेक्षा कितीतरी मोठी गवताची चप्पल समुद्रात सोडतात: या गावात एवढ्या पायाचा माणूस राहतो, हे बघून एका डोळ्याच्या राक्षसाने पळून जावं.

कड्यावर धुराची एक झोपडी आहे, कात्सुओ इबुशीगोया. तिथे उबामेगाशी या कठीण ओकच्या लाकडावर, जुन्या हातपद्धतीने, कात्सुओ शिजवून आठवडेच्या आठवडे धुरी देतात. देवळात जाणारा कात्सुओबुशी या गावचाही असतो. आधी वेळ घेऊन गेलात तर मालक स्वतः समजावतात आणि ताजा किसलेला कात्सुओबुशी गरम भातावर घालून, वर थोडा सोया सॉस देऊन खायला देतात. माझ्या मते अख्ख्या किनाऱ्यावरचा सर्वांत उत्तम घास हाच, आणि तो स्वस्तही आहे. घरी न्यायचा तर न किसलेला तुकडा घ्या.

नाकिरीच्या आसपास तेकोने-झुशी खा. होडीवरच्या कोळ्यांनी कात्सुओ सोया सॉसमध्ये बुडवून आंबट भातात हाताने कालवला, तो हा पदार्थ. मांडणीचा थाट नाही, पोटभरीचा आहे.

आगो उपसागर आणि मुक्काम

योकोयामा टेकडीवरून आगो उपसागर दिसतो: सुमारे ६० बेटं, मोत्यांचे तराफे, आओसा शेवाळाची जाळी. काशिकोजिमा बेटावर २०१६ ची जी-७ परिषद झाली. बोटीने एक फेरी मारा, बस्स.

एक रात्र मात्र कोळ्यांच्या मिनशुकूत, म्हणजे घरगुती खानावळ-मुक्कामात काढा. बुकिंग करताना इप्पाकू निशोकू म्हणा: एक रात्र, दोन जेवणं. जेवण संध्याकाळी ६ च्या सुमारास असतं आणि उशीर चालत नाही, कारण ते घर पहाटे उठतं. शेवंड कच्ची येते, कधी कधी मिशा हलत असताना. नको असेल तर बुकिंगच्या वेळीच भाजलेली मागा. तिचं डोकं टाकू नका. सकाळी ते मिसो सूपमध्ये येतं. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका आणि एकाच्या चॉपस्टिकवरून दुसऱ्याच्या चॉपस्टिकवर घास देऊ नका. दोन्ही अंत्यविधीच्या रीती आहेत. सामायिक स्नानकुंडात आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं, मगच उतरायचं. रोख येन जवळ ठेवा, लहान गावांत कार्ड चालेलच असं नाही.

शाकाहारी सोबत असतील तर

हा किनारा शाकाहाऱ्यांना अवघड आहे आणि ते आधीच कळलेलं बरं. मासा दिसत नाही त्या सूपमध्ये, उदोनच्या रसात, शिजवलेल्या भाजीत, अगदी लोणच्यातही कात्सुओचं पाणी असतं. "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. "कात्सुओ दाशीही नको" असं जपानीत लिहिलेलं कार्ड जवळ ठेवा. आकाफुकू, साधा भात, तोफू, रताळी, फळं चालतात. आनोरीत वाळवलेल्या रताळ्याच्या गोड चिवट पट्ट्या मिळतात, किन्को नावाच्या. त्या भरपूर घ्या. मुक्काम इसे शहरात ठेवा आणि कोळी गावांत दिवसा जाऊन या.

भूकंप आणि लाटा

या किनाऱ्याने डिसेंबर १९४४ च्या भूकंपातली त्सुनामी सोसली आहे. प्रत्येक गावात समुद्रसपाटीपासूनची उंची आणि पळायची वाट दाखवणारे फलक आहेत. मुक्कामी पोहोचल्यावर सर्वांत आधी ती वाट पायी चालून बघा. जोराचा किंवा लांबलेला हादरा जाणवला तर भोंग्याची वाट न बघता, सामान सोडून, उंचावर जा.

परतताना

आलात त्याच वाटेने नागोयाला जायची गरज नाही. तोबाहून इसेवान फेरीची बोट कामिशिमा बेटाच्या जवळून ५५ मिनिटांत इरागो भूशिराला नेते. तिथून बसने तोयोहाशी आणि शिंकानसेनने टोकियो. तोयोहाशीला थोड्याच वेगवान गाड्या थांबतात, म्हणून शिंकानसेनची वेळ आधी ठरवा आणि तिच्यावरून मागे हिशोब करत बोट निवडा. वारा मोठा असला तर बोट सुटत नाही. आदल्या संध्याकाळीच मुक्कामाच्या मालकांना विचारा. उद्याचा समुद्र कसा असेल हे ते हवामानाचं अॅप आणि बंदरातली चर्चा दोन्ही बघून सांगतात.